धावणाऱ्याचं पंचांग

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, पण तिची खरी तयारी होते ती जून ते सप्टेंबरच्या ओल्या पहाटे. ही शर्यत २००४ साली सुरू झाली, तेव्हा बक्षिसाची आशा नसताना धावणारी माणसं आपल्याकडे मोजकीच होती. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन त्याही आधीची, १९८३ची. पण तिथेही सामान्य माणूस बहुतेक वेळा रस्त्याकडेला उभा राहून टाळ्या वाजवायचा. आज नाशिक, कोल्हापूर, सातारा, नागपूर, कुठेही पहाटे पाचला बाहेर पडा. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, दुकानदार, निवृत्त फौजदार असे चारदोन धावणारे भेटतातच. ऑफिस, डबे, मुलांच्या शाळा हे सगळं सांभाळून आठवड्यातून चार दिवस ही मंडळी घाम गाळतात.

यातले बरेच जण सरावाचं वेळापत्रक परदेशी पुस्तकातून किंवा अ‍ॅपमधून उचलतात. वेळापत्रक चांगलंच असतं, पण ते दुसऱ्या हवेसाठी आखलेलं असतं. बोस्टन आणि लंडनच्या मॅरेथॉन एप्रिलमध्ये होतात, बर्लिनची सप्टेंबरमध्ये. तिथला धावपटू थंडीत पाया घालतो आणि वसंतात शर्यत धावतो, किंवा उन्हाळ्यात मेहनत करून शरद ऋतूत उतरतो. आपल्याकडे चक्र वेगळं आहे. माझं ठाम मत आहे की हौशी धावपटूनं आधी आपल्या गावच्या हवेचं पंचांग शिकावं आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघावं.

हवेला एवढं महत्त्व का, ते साध्या हिशेबानं कळतं. सपाटीवर एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे ६० किलोचा माणूस १० किलोमीटर धावला की ६०० किलोकॅलरी खर्च झाल्या. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या साडेचारशे किलोकॅलरी म्हणजे निव्वळ उष्णता. ती सगळी शरीरात कोंडून राहिली, तर तापमान सुमारे ९ अंशांनी चढेल. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. म्हणजे ही उष्णता धावता धावताच बाहेर टाकावी लागते, आणि आपल्या हवेत हे काम मुख्यतः घामाकडे असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घाम आल्यानं शरीर थंड होत नाही, घामाची वाफ झाल्यानं होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम मात्र काहीच नेत नाही. तेवढं पाणी आणि मीठ वाया जातं. मातीच्या माठाचंही तसंच असतं. विदर्भाच्या मे महिन्यात माठातलं पाणी गार पडतं आणि मुंबईच्या जुलैमध्ये तोच माठ नुसता बाहेरून ओला राहतो. मरीन ड्राइव्हवर ऑक्टोबरात धावणाऱ्याचा टी-शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो आणि तरी अंगाची काहिली कमी होत नाही, ती यामुळेच.

हवेत ओलावा किती आहे हे बघायला बहुतेक जण मोबाइलवर आर्द्रतेची टक्केवारी पाहतात. धावणाऱ्यासाठी हा आकडा फसवा आहे. जानेवारीत पुण्यात सूर्योदयाच्या सुमाराला पारा १० अंशांवर आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांवर असू शकते, आणि तरी ती हवा धावायला सुखाची असते. मुंबईत ऑक्टोबरच्या पहाटे २६ अंश आणि पंच्याऐंशी टक्के असतील, तर टक्का कमी असूनही दर घनमीटर हवेत दुपटीहून जास्त बाष्प असतं. थंड हवेत बाष्प मावतंच थोडं. ती नव्वद टक्के भरली तरी आपल्या उबदार कातडीवरचा घाम सहज उचलते. म्हणून टक्केवारीऐवजी दवबिंदू पाहावा. हवा किती अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव पडू लागेल, तो हा आकडा. हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये तो असतो. धावणाऱ्यांचा ढोबळ अनुभव असा: दवबिंदू १५ अंशांच्या खाली असेल तर मनासारखं धावा, १५ ते २० मध्ये थोडं सबुरीनं, विशीच्या वर वेगाची अपेक्षा सोडा आणि चोविशीच्या वर घड्याळाकडे बघूच नका.

हा आकडा पाहायची सवय लागली की वर्ष वेगळं दिसायला लागतं. एप्रिलची पहाट पुण्यात वाटते तितकी वाईट नसते. दुपारी ३८ अंशांनी जीव नको होतो, पण रात्री कोरडी हवा झपाट्यानं निवते आणि पहाटे साडेपाचला तासभर चांगलं धावता येतं. सूर्य वर आला की मात्र खेळ संपला. नागपूर-अकोल्याकडच्या धावपटूंना मे महिन्यात एवढीही सवड मिळत नाही; तिथे रात्रीसुद्धा डांबर तापलेलं असतं. त्यांनी त्या महिन्यात अंतर निम्म्यावर आणलं तर काही बिघडत नाही.

खरी मौज पावसाळ्याची आहे. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. त्यानंतरचे चार महिने पुष्कळ जण बूट माळ्यावर टाकतात आणि दिवाळीनंतर घाईघाईनं जानेवारीच्या मागे लागतात. माझ्या मते हौशी धावपटूचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पावसाळ्यात दवबिंदू विशीच्या वर असतो, त्यामुळे वेग येत नाही हे खरं. पण ऊन नसतं, पश्चिमेचा वारा असतो, पुण्यात जुलैचा कमाल पारासुद्धा अठ्ठाविशीच्या आसपास असतो. दोन-अडीच तास संथ धावायला एवढं पुरे. आणि लांब पल्ल्याचा पाया घालायला संथ धावणंच लागतं.

हे पटवून देणारा माणूस न्यूझीलंडचा, आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिडियार्डनं १९५०च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून एक पद्धत बसवली: आधी काही महिने भरपूर पण बेताच्या वेगानं धावायचं, आठवड्याला १०० मैलांपर्यंत, आणि वेगाचं काम शेवटी. त्याची पोरं ऑकलंडजवळच्या डोंगरातून २२ मैलांची फेरी मारायची. त्यात पीटर स्नेल होता, ज्याची शर्यत होती अवघी ८०० मीटरची. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी २२ मैल कशाला, असं कुणालाही वाटेल. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच दिवशी लिडियार्डचाच दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग यानं ५,००० मीटरचं. पुढे जगभरच्या प्रशिक्षकांनी ही पद्धत आपापल्या परीनं उचलली.

संथ धावण्यानं शरीरात काय घडतं? स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मोठी होते. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. शरीर चरबी जाळायला सरावतं, आणि याचं मोल मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात कळतं. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन साधारण २,००० किलोकॅलरींच्या घरात असतं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ते तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतं, आणि पाय एकदम शिशाचे होतात. ज्याचं शरीर सुरुवातीपासून चरबीचा वाटा वापरतं, त्याचा साठा पुढे पुरतो.

मग संथ म्हणजे किती संथ? यंत्र नको, शेजारच्या धावपटूशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. दर चार शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. आपल्याकडच्या हौशी धावपटूंचा हाच मोठा दोष दिसतो: मंगळवारचा इझी रन, म्हणजे संथ सराव, ते जोरात धावतात आणि मग गुरुवारच्या टेम्पोला, म्हणजे सलग वेगानं धावायच्या सरावाला, पायात काही उरत नाही. सगळे दिवस मधल्याच वेगात जातात. पावसाळ्याची दमट हवा इथे आपणहून लगाम घालते. त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी जास्त पडते, कारण रक्ताला स्नायूंबरोबर कातडीकडेही धावावं लागतं. शहाणा धावपटू अशा वेळी वेग सोडतो आणि श्रम कायम ठेवतो.

शिवाय या महिन्यांत शरीर उष्णतेला सरावतं. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उबदार हवेत व्यायाम केला की रक्तद्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. काळा टी-शर्ट घालून धावणाऱ्यांना हे डोळ्यांनी दिसतं. जूनच्या सुरुवातीला वाळलेल्या शर्टावर पाठीवर आणि काखेखाली मिठाच्या पांढऱ्या, खरखरीत रेघा उमटतात. सराव चालू राहिला तर त्या हळूहळू फिकट होत जातात. असा माणूस नोव्हेंबरच्या कोरड्या, गार हवेत उतरला की तोच श्रम त्याला किलोमीटरमागे बराच जास्त वेग देतो. वेगाचे सराव, टेम्पो, इंटरव्हल हे सगळं तेव्हा करावं. नोव्हेंबर-डिसेंबरचे आठ आठवडे त्यासाठी पुरतात, पण खाली चार महिन्यांचा पाया असेल तरच.

पाण्याबद्दल दोन शब्द. तहान लागेल तसं प्यावं. पूर्वी धावपटूंना सांगत की तहान लागायच्या आत भरपूर प्या. तो सल्ला धोक्याचा ठरला. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांमध्ये, हे प्रमाण ठळक होतं. आपला घाम किती जातो हे घरच्या वजनकाट्यावर कळतं: धावण्याआधी आणि नंतर वजन करा, एक किलोचा फरक म्हणजे साधारण एक लिटर. तासाच्या आत परतणार असाल तर सोबत काही नेण्याची गरज नाही. दीड-दोन तासांच्या रविवारी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, खजूर, शेंगदाण्याची चिक्की उत्तम काम करतात. घरी आल्यावर ताक.

हिवाळ्यात धावणाऱ्याला एका वेगळ्याच शत्रूचा विचार करावा लागतो. थंड, वारा नसलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, शेकोट्या, पालापाचोळा जाळल्याचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. धावताना आपण तोंडानं, खोल आणि विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो. नाकाची गाळणी बाजूलाच राहते. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण फुटतं. म्हणून डिसेंबरात मुख्य रस्त्यावर साडेपाचला धावण्यापेक्षा आठला टेकडीवर धावणं बरं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेवर पुणे-मुंबईच्या हवेची स्थिती रोज कळते. जाता जाता, पुण्याचे धावपटू शिवाजीनगरला ज्या सिमला ऑफिसवरून जातात, ती हवामान खात्याची इमारत; १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, म्हणून हे नाव. आपल्या सरावाच्या हवेचा अंदाज बांधणारी माणसं त्या दगडी मनोऱ्याच्या आवारात बसतात, हे मला नेहमी छान वाटतं.

आता रस्ते. मार्ग निवडताना बहुतेक जण फक्त अंतर बघतात, पण पायाला लागतो तो पृष्ठभाग आणि उतार. पुण्यात वेताळ टेकडीला तोड नाही. एआरएआयच्या, लॉ कॉलेजच्या किंवा चतुःशृंगीच्या बाजूनं वर जाता येतं. माथ्यावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, वेताळाचं देऊळ आहे आणि खाली जुन्या खाणीत पाणी साठलेलं असतं. वाट तांबड्या मुरमाची. पहिल्या दोन-चार पावसांनी मुरूम दबून बसतो आणि पाऊल पडतं तेव्हा डांबरावरचा तो सपक आवाज येत नाही. जुलैत मात्र उघड्या कातळावर शेवाळ धरतं. तिथे धावायचं नाही, चालायचं. दर पाऊल वेगळ्या कोनात पडत असल्यानं घोट्याचे, पोटरीचे लहान स्नायू मजबूत होतात आणि डांबरावर एकाच जागी सारखा बसणारा मार टळतो. २०२३ साली या टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यात धावणारे आणि फिरणारे पुष्कळ होते. त्यांचं चुकीचं नव्हतं. अशी जागा एकदा गेली की पुन्हा तयार करता येत नाही.

मुंबईकराला चढ शोधावा लागतो. मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटरचा आणि आरशासारखा सपाट. शिवाजी पार्कची फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास, लय बसवायला फार चांगली. चढासाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान गाठावं. दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सुमारे ६ किलोमीटरचा रस्ता झाडीतून वर चढतो. हा सराव मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर कामी येतो. एरवी तो चढ किरकोळ. परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरनंतर समोर आला की भल्याभल्यांना चालायला लावतो.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात होते, पाऊस ओसरतानाच्या दिवसांत. आधी चढ, मग तोच रस्ता उतारानं. नवख्याला चढाची धास्ती असते, पण पाय उतार मोडतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, दर पावलाला ब्रेक लावतात, आणि त्यात त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला पोचतं; जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उपाय एकच, उताराचाही सराव करायचा. एकदा हलका मार बसला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याला दाद देत नाहीत. सिंहगड, बोपदेव, कात्रज, जो घाट जवळ असेल तिथे महिन्यातून दोनदा गेलं तरी फरक पडतो.

वाऱ्याचंही गणित आहे. थंडीत जाताना वारा समोरून घ्यावा, म्हणजे घामेजलेल्या अंगानं परतताना तो पाठीशी राहतो. दमट दिवसांत मात्र पाठीमागचा वारा वैरी ठरतो. आपण ताशी दहा किलोमीटरनं धावतोय आणि वाराही त्याच वेगानं मागून येतोय, तर अंगाभोवतीची हवा जागची हलत नाही आणि घाम वाळत नाही. अशा वेळी परतताना वेग आणखी कमी करावा.

रस्त्यावर नेहमी उजवीकडून, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा. अंधारात चमकणारी पट्टी हवीच, आणि दोन्ही कानांत गाणी नकोत. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, चालायला लागा, नजर भिडवू नका. बाई धावायला निघते तेव्हा मात्र तिचा मार्ग हवा किंवा चढ ठरवत नाहीत. रस्त्यावर दिवे आहेत का, वर्दळ आहे का, हे ठरवतं. टेकडीची शांत वाट तिला बहुतेक वेळा गटानंच मिळते. नगरपालिकांनी मॅरेथॉनच्या दिवशी कमानी उभारण्यापेक्षा वर्षभर पहाटेचे दिवे चालू ठेवले तर जास्त स्त्रिया धावतील.

बुटांचं थोडक्यात सांगतो. महाग बूट वेग देत नाहीत, पायात बसणारे बूट दुखापती टाळतात. तळव्याचा फोम पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दबतो. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका; आतली पट्टी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं ते बदला. दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळतात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना सर्वांत मोठा धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, दम पुरायला लागतो, उत्साह वाढतो. पण कंडरा आणि हाडं सावकाश बळावतात, त्यांना महिने लागतात. नडगी दुखणं, टाचेमागची शीर धरणं हे सगळं या फटीत घडतं. दम आहे म्हणून अंतर वाढवू नका.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग पाऊस सुरू झाला की अर्ध्या तासापासून आरंभ करा: एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवडे एवढंच. पहिल्या जानेवारीत दहा किलोमीटर धावा. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरला हात घालण्याआधी निदान दोन पावसाळे पायाखालून जाऊ द्या.